बाचे कपडे कोण धुवे

बा, काल मायला घेऊन गोंदियाला गेलो होतो. मी घरी आहे याचंच तुला नवल वाटेल. बालाघाट झालं, रायपूर झालं, मधे एका लग्नात वाढायला गेलो तर त्या गावातच महिनाभर राहिलो, पण ते जाऊ दे. मायचा खोकला जात नाही. तळ्याच्या पाळीपर्यंत चालली तरी बसावं लागतं तिला. डॉक्टर हिंदीत बोलणारा, तरुण. नवरा काय करायचा, विचारलं. माय म्हणाली, "राइस मिलवरचे सिमेंटचे पत्रे कापे. टीबीनं गेला." त्याचा पेन थांबला. "उनके कपड़े कौन धोता था?" माय ठसक्यात म्हणाली, "मीच धुवो! आधी आंगणात चांगले झटको, मंग धुवो." बाहेर आल्यावर मला म्हणते, "कपडे काऊन इचारते रे हा? डाक्टर हाये का धोबी?" मी हसलो, मोठ्यानं हसलो.

मग त्यानं मला एकट्याला आत बोलावलं. त्या पत्र्यांत बारीक धागे असतात म्हणे, कापताना उडतात, कपड्यांवर बसून घरीही येतात, फुफ्फुसात रुतून बसतात आणि कितीतरी वर्षांनी त्रास देतात. तुला टीबी होता की हेच, आता सांगता येत नाही म्हणाला. मायच्या छातीचा स्कॅन काढलाय, रिपोर्ट सोमवारी. तेव्हापासून मला तू दिसून राहिला. संध्याकाळी येतोस, भुवयांपर्यंत पांढरा. धूळ गुळासोबत पोटात उतरते म्हणून ठेकेदार गुळाचा खडा द्यायचा, त्यातला अर्धा तू माझ्यासाठी खिशात ठेवतोस, फुंकर मारून हातावर देतोस. आणि मी तसाच तुझ्या कडेवर चढतो, सदऱ्यात तोंड खुपसतो. गुळावर किती भरवसा होता रे आपला. टीबीच्या गोळ्याही तू एक न चुकवता खाल्ल्या.

"आत काय म्हणे तो?" मायनं बसमध्ये विचारलं. "सर्दी मुरली म्हणे," मी म्हणालो. तिनं झटकलेले तुझे सदरे तिला कोणत्या तोंडानं सांगू? हा तुला लिहिलेला कागद तरी कोणाला द्यायचा, घडी करून खिशातच ठेवतो. पण एक सांगतो. डॉक्टरनं माझं काही विचारलं नाही, मीही बोललो नाही. आता आतल्या खोलीत माय खोकते, आणि बा, माझा हात माझ्याच छातीवर जातो.