सावलीकडे बघून उडी

ती. दादास,

चिंगीचा नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत आणि तुम्हीही तसेच असाल असं धरून चालते. वहिनीचा खांदा आता कसा आहे? (शेकायची पिशवी खांद्यावर ठेवायची असते, मांडीवर ठेवून टीव्ही बघायचा नसतो, हे तिला माझ्या नावाने सांग.)

तुझ्या पत्रात दोन प्रश्न होते. तू पाठवलेला नवा गेम बाबांना आवडला का, हा पहिला. दुसरा असा, की डॉक्टरांनी बाबांचे जिने बंद केलेत, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तुझं तळमजल्यावर, तर बाबांना कायमचं तुझ्याकडे कधी न्यायचं. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून आधी तेच लिहिते. दुसऱ्याला जागा उरली तर बघू.

जुना गेम तुला आठवत असेलच, कॉलेजात असताना तूच आणलास आणि नंतर माळ्यावर टाकून गेलास. टोपीवाला बुटका डावीकडून निघतो, खड्डे आणि फळ्या ओलांडत उजवीकडे पोचतो, संपलं. चार महिन्यांपूर्वी जिने बंद झाले तेव्हा बाबांनी मला तो खाली काढायला लावला. मला वाटलं, चला, वेळ जाईल. पण बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाचा वेळ नुसता जात नसतो. पहिल्याच दिवशी चष्मा पुसून म्हणाले, "अगं, हा तर सेक्शन आहे." सेक्शन म्हणजे घर सुरीने उभं कापलं तर दिसेल तसं चित्र. कुठल्या मजल्यावर काय, जिना कुठून कुठे, सगळं एका नजरेत. (आपल्या वाढदिवसाला केक कापला की ते आधी कापलेली बाजू निरखायचे आणि मग आपल्याला भरवायचे, ते का, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.) ज्यांना स्वतःला एक मजला उतरायची परवानगी नाही, ते दुपारभर त्या बुटक्याला सोळा-सोळा मजले चढवायचे आणि संध्याकाळी मी कपड्यांच्या कारखान्यातून आले की पाय चोळत बसलेले असायचे.

आणि मग तुझा खोका आला. यातला हिरो कोल्हा आहे आणि तो कुठेही जाऊ शकतो, पुढे, मागे, डोंगराच्या पलीकडे. कॅमेरा त्याच्या पाठीमागून चालतो. पहिला तासभर बाबा त्याच्या शेपटीकडे बघत बसले. "हा तोंड का दाखवत नाही? काही केलंय का याने?" नंतर त्याला चालवायला घेतलं तर तो भिंतीत डोकं खुपसून जागच्या जागी पळत राहिला. भिंतीआड काय आहे ते बघायला बाबा खुर्चीतल्या खुर्चीत इतके वाकले, की हातातला चहा शेजारी बसलेल्या ड्रायव्हरकाकांच्या पांढऱ्या पँटवर गेला. (समोरच्या बिऱ्हाडातले हे काका एकोणतीस वर्षं बस चालवून रिटायर झालेत. पँटवर चहा पडूनही त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. असा माणूस बस कशी चालवत असेल ते बघ.)

काकांना हा गेम माशाला पोहणं जमावं तसा जमला. तिथून जी जुंपली ती तीन आठवडे. काकांचं म्हणणं, रस्ता समोरून येतो, बाजूने रस्ता बघतो तो म्हणजे रस्त्याकडेला उभा राहिलेला माणूस. बाबांचं म्हणणं, तुम्ही लोकांनी आयुष्यभर फक्त वळणं घेतली, पुलाखाली खांब किती ते विचारा, माहीत नाही. "खांब मोजायला लागलो असतो तर पॅसेंजर कधी पोचले असते, साहेब?" असं काका म्हणाले, त्यावर बाबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मीही खेळून बघितलं. एका पुलावरून एकतीस वेळा पडले. फळी जवळ आहे की लांब, काही कळत नाही, उडी मारावी तर कोल्हा फळीच्या अलीकडेच पाण्यात. पाचव्या मिनिटाला मला गाडी लागल्यासारखं मळमळायला लागलं, तेव्हा काकांनी सवयीने विचारलं, "ताई, खिडकीजवळ बसता का?"

खरं सांगते, बाबा हरत होते तेव्हा मला आतून बरं वाटत होतं. कारखान्यात कागदावर शर्टांच्या बाह्या आखता आखता मी मनात तुला हे पत्र लिहीत होते. त्यात वाक्य होतं, ज्या माणसाला पडद्यावरच्या नव्या जागेत डावं-उजवं उमगत नाही, त्याला या वयात नव्या घरात कसं नेणार? फार चांगलं वाक्य होतं. तू गप्प झाला असतास.

पण गेल्या मंगळवारी काकांनी घोटाळा केला. बाबा त्याच पुलावरून पडत होते, आणि काकांना राहवेना. म्हणाले, "साहेब, कोल्ह्याकडे बघू नका. त्याच्या खाली जमिनीवर काळा ठिपका पडतो, ती त्याची सावली. सावली फळीवर आली की बटण सोडून द्या, तो तिथेच उतरतो." बाबांनी उडी मारली. उतरले. मग रिमोट मांडीवर ठेवून म्हणाले, "सावली म्हणजे प्लॅनच की. वरून बघितल्यावर जो दिसतो तो." तेव्हापासून माझ्या कारखान्यातला आखणीचा कागद घरी येतो आणि त्यावर कोल्ह्याच्या सगळ्या मुलखाचे प्लॅन उतरतात. काका कोल्हा चालवतात, बाबा नकाशा धरून रस्ता सांगतात, आणि काकांना आयुष्यात पहिल्यांदा पुलाखालचे खांब ठाऊक झालेत.

दोन्हींत जास्त चांगला कुठला, असं मला विचारशील तर जुन्या, सपाट गेममध्ये शांती आहे. जे यायचं ते उजवीकडून येतं. पण त्यात डावीकडे जे मागे पडलं ते पडद्यावरून गेलं, कितीही बटणं दाबा, परत येत नाही. तुझ्या गेममध्ये कोल्हा थांबून मागे वळू शकतो. वळला की जिथून निघाला ते घर तिथेच असतं. लहान दिसतं, एवढंच.

असो. कागद संपत आला, दुसरा प्रश्न राहिलाच. सगळ्यांना नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याला जो लागू पडेल तो.

तुझी,
चिंगी

ता. क. बाबांचा निरोप : तुझ्या घराचा प्लॅन पाठव, मापांसकट. पलंगापासून बाथरूम किती पावलं, उंबरे किती, खिडकी कुठल्या अंगाला. प्लॅन हातात आला की निघतो, म्हणतात. ड्रायव्हरकाका गाडी चालवणार आहेत, त्यांना कोणी विचारलेलं नसताना.

आणखी ता. क. हा निरोप सहा दिवसांपूर्वीचा आहे. मी विसरले नव्हते.

शेवटचं. काल त्यांनी आमच्याही घराचा प्लॅन काढून माझ्या हातात दिला. पाण्याचा मुख्य नळ, फ्यूज, गच्चीची किल्ली, सगळ्यावर खुणा. प्लॅनमध्ये माणसं काढायची नसतात हा त्यांचा छत्तीस वर्षांचा नियम, पण स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक काळा ठिपका आहे. मी विचारलं, हा काय, नळ? म्हणाले, "तू."

तर मापं घे, दादा. पण तुझी मापं आजवर कधी बरोबर आलेली नाहीत, तेव्हा दोनदा घे. सावकाश घे.