म्हाताऱ्याचा प्रवास

तुला,

नावाआधी काय लिहावं ते आता कळत नाही, म्हणून नुसतंच.

मी घर सोडलं. टेम्पोत मागे सामान, पिंजऱ्यांत मांजरं आणि ससे, धाकट्या दोघी कुत्र्या माझ्या पायाशी, आणि त्यांच्यातला थोरला, आपला म्हातारा, माझ्या नि ड्रायव्हरच्या मधे. बहीण म्हणाली होती, "तू ये, जनावरं देऊन टाक कुणाला तरी." कुणाला देणार? हौसेने गोळा केली दोघांनी, निस्तरायला उरले मी एकटी.

वाटेत सगळ्यांनी जीव नकोसा केला. मांजरं ओरडून थकली, ससे काही खाईनात. म्हाताऱ्याला आता दिसत नाही. तो ड्रायव्हरवर सारखा गुरगुरत होता. दुसऱ्या दिवशी घाटात ड्रायव्हर कुडकुडायला लागला, तेव्हा तुझा मागे राहिलेला स्वेटर मी त्याला दिला. म्हाताऱ्याने बाही हुंगली, शेपटी हलवली आणि त्याच्या मांडीवर डोकं टाकलं.

"ताई, आज बरा..." ड्रायव्हर बोलायला लागला.

मी म्हटलं, "दादा, थोडा वेळ बोलू नका."

म्हाताऱ्याचा श्वास मंदावत गेला, तशी ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून गप्प बसून राहिला. म्हातारा तसाच गेला.

हे तुला पाठवणार नाही. तू धीराच्या चार ओळी लिहिशील, आणि त्या वाचायचं त्राण माझ्यात नाही. म्हाताऱ्याला वाटलं, तू आलास. मी त्याला तसं वाटू दिलं.

तू जिला सर्कसवाली म्हणायचास, ती