उन्हाळ्यापुरती जागा

क्वार्टझसाइट, ॲरिझोना
९ एप्रिल

प्रिय जोसलिन,

"गाडीत आधी नाकाने शिरायचं, मग पायांनी." लग्नानंतर तुझ्या बाबांनी मला या फिरत्या घरात पहिल्यांदा आणलं, तेव्हा दार उघडता उघडता ते हे म्हणाले होते. गॅस, ओल, जळकी वायर, सगळं आधी वासाला सापडतं, म्हणाले. मी हसले होते. तेव्हा मला पिण्याच्या पाण्याचा पाइप कुठला आणि सांडपाण्याचा कुठला, हेही कळत नव्हतं.

तू बरी असशील. मुलं उंच झाली असतील. आयडाहोत अजून बर्फ आहे का? इथे दुपारी गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. आजूबाजूच्या गाड्या एकेक करून उत्तरेला निघाल्या. आमची शेजारीण एर्लीनही काल गेली, जाताना तिच्या कुंडीतलं कोरफडीचं रोप मला देऊन.

गाडीचं म्हणशील तर छपराचा सांधा यंदा मीच भरला. जुना थर खरवडला, पुसून काढला, नवा लावला. पण पलंगाच्या वर, छताजवळच्या कोपऱ्यात बोट दाबलं की लाकूड आत जातं. पाणी किती दिवस भिंतीच्या आत मुरत होतं कोण जाणे. एकदा नळ बंद असताना पंप मध्येच गुरगुरायला लागला. म्हणजे कुठेतरी गळतंय. मी सिंकखाली पालथी पडून सांधा आवळला आणि पंप गप्प झाला. त्या दिवशी मला उगाच फार मोठं काही जमल्यासारखं वाटलं.

पाणी तापवायची टाकी मात्र गेली. बाबांनी ती रिकामी असताना विजेवर चालू केली आणि आतली कांडी जळली. नवे लोक आले की हेच बाबा त्यांना खुर्चीतून ओरडून सांगायचे, "गरम नळातून धार येऊ द्या, मग बटण दाबा." एर्लीनने सोडलं नाही. "काय रे व्हर्नन, माझी टाकी जळली तेव्हा आख्ख्या वाळवंटाला सांगितलं होतंस. आता कर थंड पाण्याने अंघोळ." बाबाही तिच्याबरोबर हसले. आत आल्यावर मला हळूच विचारलं, "ही बाई कोण गं?"

एवढंच असतं तर मी तुला लिहिलं नसतं.

फेब्रुवारीत मी कपडे धुवायला गावात गेले होते. परत येऊन दार उघडलं आणि पायरीवरच थांबले. आत गॅसचा इतका वास होता की डोळे चुरचुरले. शेगडीवर किटली, बटण उघडं, जाळ नाही. बाबा खण उपसत होते.

"बरं झालं आलीस. लायटर कुठे ठेवलास? मघापासून शोधतोय."

"व्हर्नन, वास येत नाही का तुला?"

"कसला?"

गॅसचा इशारा देणारी डबी भिंतीवर होती, पण तिच्या वायरी कापलेल्या. "सारखी पिप-पिप करत होती," ते म्हणाले. मी त्यांना ओढत बाहेर नेलं आणि गॅसच्या टाकीची चावी बंद केली. मग दोघं खुर्च्यांवर बसून राहिलो. मला रडू आवरेना, तर त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही घाबरू नका. माझी बायको येईल इतक्यात. तिला सगळं दुरुस्त करता येतं."

डॉक्टर म्हणाले, या आजारात पुष्कळदा आधी वास जातो, आठवण नंतर. म्हणजे त्यांचं नाक केव्हाच गेलं होतं आणि मी मात्र त्यांच्याच भरवशावर झोपत होते. आता मी गॅसची टाकी काढूनच टाकली आहे.

दवाखान्यात त्यांना दोन दिवस ठेवून पाहिलं. ते पलंगाखाली वाकून पाणी आणि वीज जोडायची जागा शोधत राहिले. सापडेना तेव्हा नर्सवर हात उगारला. गाडीत ते कुणावर चिडत नाहीत. खिडकीचं हँडल आपसूक त्यांच्या हाताला येतं.

इथला हिवाळी परवाना या महिन्याच्या मध्यावर संपतो. नंतर ऊन माणसाला राहू देत नाही. उत्तरेकडच्या, अशा गाड्या उभ्या करायच्या तळांवर फोन केले. दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी ते घेत नाहीत आणि आमची दुप्पट जुनी आहे. पूर्वी बाबा गाडी घासून चकचकीत करत आणि फाटकावर गोड बोलून आत शिरत. आता तळवाले आधी फोटो मागवतात.

तुझी आई गेल्यावर बाबांनी तिच्या शिवणाच्या खोलीसकट घर विकून ही गाडी घेतली. ते तू विसरावंस असं मी म्हणत नाही. बाबा आता तुझं नाव घेत नाहीत. घेतात असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण ते खरं नाही. गॅसचं लपवून विचारलं असतं तर कदाचित तू हो म्हणाली असतीस. पण तुझ्या अंगणात मुलं खेळतात.

तुझ्या कोठारामागे घोडे न्यायची गाडी उभी करायचा सिमेंटचा ओटा आहे. आम्हाला एक विजेची तार आणि बागेचा पाइप पुरेल. सांडपाणी मी गावात नेऊन ओतीन. दाराला कुलूप असेल. तू भेटायला यायची गरज नाही.

तुझं उत्तर मला माहीत आहे. तुझ्या जागी असते तर मीही तेच दिलं असतं. तरी विचारते. थंडी पडेपर्यंत आम्हाला तिथे उभं राहू देशील का?

तुझी कोण ते अजून न ठरलेली,
कोरीन