आधी विपुलचं, मग माझं

मी, पारस सुगनचंद मुथा, वय ५९, राहणार जुन्नर, व्यवसाय कॉम्प्युटर क्लास, कोणाचंही न ऐकता स्वहस्ते लिहून ठेवतो की, हृदय अधू असलं तरी माझं डोकं शाबूत आहे. मार्च २००४ मध्ये केलेलं मृत्युपत्र मी रद्द करतो. त्याचा क्रम चुकला होता.

नऊ वर्षं मी सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली. एका साच्यावरून दुसरा साचा काढला, तर पहिला बाप, दुसरा मूल. वडिलांचं कापडदुकान मोडून क्लास काढला, म्हणून उदाहरणही दुकानाचंच द्यायचो. उभारताना आधी भिंती, मग गठ्ठे. तसा बापाचा कन्स्ट्रक्टर आधी चालतो, मग मुलाचा. मोडताना उलट. आधी गठ्ठे बाहेर, मग भिंती. डिस्ट्रक्टर आधी मुलाचा, नंतर बापाचा.

२००१ साली चेतना पहिल्या बाकावर बसायची. तिने विचारलं, "सर, बाप आधी का नाही?"

मी म्हणालो, "मुलाचं आवरताना बापाकडचं काही लागलं तर? बाप शेवटपर्यंत हजर पाहिजे." पुढच्या वर्षी ती माझी सून झाली.

ऑगस्ट २००३ मध्ये माझा मुलगा विपुल माळशेज घाटात मोटारसायकलच्या अपघातात गेला. तो धडा मी पुन्हा शिकवू शकलो नाही. धाकट्या भावाच्या सल्ल्याने मृत्युपत्र केलं: या घरात राहिली तरच चेतनाला हिस्सा. सी प्लस प्लसमध्ये बापाच्या नावाने वस्तू मोडायला काढली आणि बापाच्या डिस्ट्रक्टरमागे 'व्हर्च्युअल' हा शब्द लावायचा राहिला, तर मुलाचा डिस्ट्रक्टर चालेलच असं नाही. त्याने मेमरीत घेतलेली जागा अडकून राहते. शिकवणाऱ्यानेच ही चूक केली. अडकली चेतना, सव्विसाव्या वर्षी.

मंचरच्या एका शिक्षकाची तिला मागणी आली, तेव्हा पाहुण्यांना मी चहासुद्धा न विचारता परत पाठवलं. पत्नी कस्तुरबाई म्हणाली होती, "ती पन गेली, तर विपुलचं घरात काय ऱ्हाईल?" मलाही तेच वाटत होतं, तिला दोष नाही. क्लासचा शिपाई हौशीराम मात्र म्हणाला, "सर, पोरगी लई वाळली. तुमाला दिसत न्हाई का?" मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही.

कलम १. विपुलसाठी नारायणगावला घेतलेला गाळा चेतनाचा, विनाअट. तिचे दागिने तिचेच होते. विपुलची खोली दोन वर्षं कुलपात होती. ती मी स्वतः आवरली.

कलम २. राहतं घर कस्तुरबाईला. सात कॉम्प्युटर मढच्या शाळेला. त्यातले चार चालतात. माझी सायकल हौशीरामला, माफीसह.

कलम ३. धाकट्या भावाला आधीच्या मृत्युपत्राचा मसुदा. तो त्याचाच आहे.

कलम ४. मृत्युपत्र माणूस गेल्यावर अमलात येतं. कलम १ साठी मी थांबलो नाही. गाळ्याचं बक्षीसपत्र आज नोंदवलं. गेल्या महिन्यात मंचरला जाऊन हात जोडले. ते गृहस्थ अजून थांबले होते. येत्या गुरुवारी लग्न आहे, कन्यादान मी आणि कस्तुरबाई करणार. गुरुवारपर्यंत मला काही होऊ नये. त्यानंतर माझी हरकत नाही.

सही: पारस सुगनचंद मुथा

आमच्यासमोर सही केली:
१. भरत रखमाजी डोके
२. धर्माजी बहिरू लांडे

जुन्नर, सोमवार, १२ डिसेंबर २००५