शेवटी येईल त्याने दिवा घालवायचा

आई,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते. बाकीचं नंतर.

१. आपल्या घाटकोपरच्या खोलीबाहेर गॅलरीत जो दिवा आहे, तो तू गेलीस त्या दिवसापासून रोज रात्रभर जळतो. संध्याकाळी बाबा लावतात, उजाडल्यावर बाबाच बंद करतात.
२. मी काम करते त्या अंधेरीच्या वर्कशॉपमध्ये एक घरगाडी दुरुस्तीला आली. तिचा दारावरचा दिवा बटण बंद असतानाही लुकलुकत होता.
३. मंगळवारी मला दोष सापडला. मी तो काढला.
४. बुधवारी सकाळी आपला गॅलरीतला दिवा बंद होता. बल्ब गेलेला नव्हता, वीज गेलेली नव्हती. बटण वर केलेलं होतं.
५. बाबा म्हणाले, "ती आली."
६. दिवा मी बंद केलेला नाही.

नियम तुझा होता. घरातला जो शेवटी येईल त्याने बाहेरचा दिवा घालवायचा. मी दुसरीत असेन. बाबा दुसऱ्या पाळीला गेले होते, मला झोप येत होती, आणि डोळ्यांवर उजेड नको म्हणून मी स्टुलावर चढून बटण वर केलं. तू स्टोव्हजवळून उठून आलीस आणि माझ्या हातावर फटका मारलास. "बाप यायचाय ना अजून! माणूस बाहेर असताना दिवा घालवतेस?" मी रडले नाही. तू बटण खाली केलंस, दिव्याला हात जोडलेस आणि परत भाकरी थापायला बसलीस. भाकरी करपली होती. ती तू स्वतःच्या ताटात घेतलीस.

तू गेलीस ती मुलुंडच्या कारखान्यातूनच. काळोख्या केबिनमध्ये बसून मोटारींचे बल्ब तपासायचं तुझं काम, तिथेच खुर्चीत कोसळलीस. तिथून हॉस्पिटल, हॉस्पिटलमधून थेट स्मशान. तुला घरी आणलंच नाही. बाबा आंघोळ करून आले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. त्यांनी गॅलरीतला दिवा लावला, आणि आम्ही सगळे आत आल्यावर तो घालवायला कुणाचाच हात उठला नाही. कारण शेवटचं माणूस आलं नव्हतं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्या दिवसापासून बाबांनी दाराला आतून कडीही घातली नाही, दार नुसतं ओढून घ्यायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "काय हो, वीज कंपनीचे जावई का तुम्ही?" बाबा हसायचे. मी डिप्लोमाला असताना संध्याकाळच्या वर्गाहून नेहमी सगळ्यांत शेवटी यायचे. दारातून आत शिरताना डावा हात आपोआप बटणाकडे जायचा आणि बोटभर अलीकडे थांबायचा. इतकी वर्षं थांबत आला.

आता गाडीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं तुला समजणार नाही. एका शेठजींनी बायकोला तीर्थयात्रा घडवायची म्हणून ट्रकच्या चेसिसवर, म्हणजे नुसत्या सांगाड्यावर, घर बांधून घेतलं आहे. आत दोन बाकं, ओटा, कपाट, कोपऱ्यात देव्हारासुद्धा. छताच्या चार कोपऱ्यांवर चार दिवे, दारावर एक, पायरीखाली एक. दारावरचा शेठाणींनी हट्टाने लावून घेतलेला: घर म्हटलं की दारात दिवा हवा. ड्रायव्हर चाव्या माझ्या टेबलावर ठेवून लांब उभा राहिला. "मॅडम, छतावरचे दिवे चालू ठेवले होते, दारावरचा बंद केला, खाली उतरलो. तर तो हळूच पेटला ना. पूर्ण नाही. कुणी झोपेत डोळे किलकिले करावेत तसा. आपण नाय झोपणार हिच्यात." आमचे मिस्त्री मालवणचे. त्यांना संधीच मिळाली. "काय गो, तुझा डिप्लोमा काय सांगता? गाडीक भूत लागला की काय?" मी म्हटलं, आधी मीटर आणा.

बॅटरी ठीक होती, बटणं ठीक होती, होल्डर स्वच्छ होते. शेडचं दार ओढून मी अंधार केला आणि छतावरचे दिवे लावून समोर उभी राहिले. दारावरचा दिवा बंद होता. मिस्त्रींनी गाडीच्या अंगाला खांदा लावून ती जराशी हलवली, आणि दिवा तांबूस झाला. पुन्हा विझला. पुन्हा तांबूस झाला. काहीतरी कारण असणार हे मला माहीत होतं, तरी मी एक पाऊल मागे सरकले. मग तुझं आठवलं. एकदा सुट्टीत तू मला कारखान्यात नेलं होतंस. तुझ्या केबिनमध्ये मी बल्बकडे टक लावून बसले, तर तू माझी हनुवटी धरून बाजूला वळवलीस. "दिव्याकडे नको बघूस गं. बाजूच्या भिंतीकडे बघ. मग लुकलुक कळते." त्याच दिवशी तू मला पिवळ्या मुठीचा टेस्टर दिलास. तो अजून माझ्या खिशात असतो. गाडीच्या बारा व्होल्टवर तो पेटत नाही, पण असतो.

मी दाराशेजारच्या पत्र्याकडे बघत राहिले. मग कळलं. दारावरचा दिवा उजळतो त्याच क्षणी छतावरचे चारही मंद होतात. म्हणजे दारावरचा दिवा स्वतःच्या विजेवर पेटत नव्हता. छतावरच्या दिव्यांत गेलेला करंट गाडीच्या बॉडीतून चेसिसला परत यायला हवा. बॉडी आणि चेसिस जोडणारा बोल्ट मी खोलला, तर त्याच्याखाली हिरव्या रंगाचा थर. रंगाऱ्याने अर्थिंगची पट्टी बसवायच्या आधी सगळंच रंगवून टाकलं होतं. परतायची वाट बंद झाल्यावर करंट दुसऱ्याच वाटेने निघाला होता: दारावरच्या दिव्यातून उलटा, आणि त्याच बटणावरच्या पायरीखालच्या दिव्यातून चेसिसला. मी रंग खरवडला, धातू उघडा केला, दाते असलेला वॉशर घालून बोल्ट आवळला, आणि छतापासून एक स्वतंत्र वायर खाली आणली. ड्रायव्हर गाडीला धक्के मारून थकला. दिवा बंद तो बंदच. "भूत न्हय रे तां," मिस्त्री म्हणाले, "पेंटर होतो!" ड्रायव्हरने तरीही बटण खाली करून पेटलेल्या दिव्याला हात जोडले.

मी घरी आले तेव्हा बाबा जेवून पडले होते. दिवसभर बटणं खालीवर करून अंगठा दुखत होता. गॅलरीतला दिवा चालू होता, हे मला नक्की आठवतं, कारण त्याच्या उजेडात मी चपला काढल्या. पुढचं नेहमीसारखं.

सकाळी बाबांनी मला हलवून उठवलं नाही, नुसते उशाशी उभे होते. "तू घालवलास?" मी नाही म्हटलं. ते बटणाकडे बघून म्हणाले, "ती आली." मी टेस्टर लावला, बल्ब काढून पाहिला, होल्डर खोलला. सगळं शाबूत. सैल वायर दिवा घालवू शकते. ती बटण वर करू शकत नाही. बटण दाराच्या आत आहे, पण दार नुसतं ओढलेलं असतं, म्हणून काकूंना विचारलं. "मला काय भिकेचे डोहाळे लागलेत तुमच्या दिव्याला हात लावायला?" बाबा गुडघ्यांमुळे कण्हल्याशिवाय उठू शकत नाहीत. मी जागी झाले असते.

त्यांच्या गुडघ्यांसाठीच मी मुलुंडला तळमजल्यावर दोन खोल्या पाहिल्या आहेत. संडास आत आहे. डॉक्टरांनी तिसरा मजला बंद म्हणून सांगितलंय. गेल्या महिन्यात ते जिन्यात पडले, पुढच्या वेळी उठतीलच असं नाही. आधी ते म्हणत, ती आली नाही, तर कसं निघायचं? मंगळवारपर्यंत कसंबसं पटवलं होतं. आता म्हणतात, "इतक्या वर्षांनी घर शोधत आली ती, आणि आपण निघून जायचं?" टेम्पो रविवारी चारला येणार आहे, सकाळी सगळी चाळ टीव्हीसमोर असते, सामान उतरवायला कुणी मिळत नाही म्हणून. बाबांनी एकही भांडं बांधलेलं नाही. बुधवारपासून रात्री ते दाराला कडी घालतात. आता कुणी यायचं राहिलेलं नाही.

कडीचा आवाज मी विसरले होते.

सहावा मुद्दा मला दुरुस्त करायचा आहे. दिवा मी बंद केल्याचं मला आठवत नाही. एवढंच मला लिहिता येईल. तो माझा हात असेल तर मला बाबांना तसं सांगावं लागेल, म्हणजे ते मुलुंडला येतील, पण तू आलेली नसशील. दुसऱ्यांदा.

आणखी एक. बाबा मला म्हणतात, तू शेवटची, दिवा तू घालव. मी हो म्हणते आणि घालवत नाही. चालूच ठेवते. बटणाला पांढरा खडू फासते आणि झोपते. पहाटे त्यांच्या आधी उठून स्वतःची बोटं बघते, मग बटण, मग दिवा बंद करून हात धुते. बोटं आजवर स्वच्छ होती. दिवाही चालू होता.

हे पत्र टाकायला पेटी नाही. टेस्टरबरोबर खिशात ठेवते आहे.

बुधवारचा दिवा तू बंद केलास का, तेवढंच कळव. रविवारी चारच्या आत.