दिवाणजींचा मुक्काम

मयूर विहार, दिल्ली
१९ नोव्हेंबर १९९६

ती. दादास,
सुहासिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदावर तरी तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

दिवाणजी आजारी आहेत. दिवाणजी म्हणजे माझा गिनीपिग. तू त्याला 'तुझा तो उंदीर' म्हणतोस, म्हणून पुन्हा सांगितलं. गेल्या वर्षी आमच्या शाळेनं प्रयोगशाळेमागची प्राण्यांची खोली मोडून तिथे कॉम्प्युटर बसवले. ससे लगेच लोकांनी नेले. हा तपकिरी-पांढरा, पोट सुटलेला, वयानं उतरलेला, कुणालाच नको होता. निरोप समारंभात मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पिंजरा मात्र मी मागून घेतला. सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवल्यावर एवढं मागायचा मला हक्क होता.

दिवाळीला तीन आठवडे विक्रांतकडे गुडगावला होते, दिवाणजींसकट. घर छान आहे. सहावा मजला, लिफ्ट, गॅलरीतून एकीकडे शेतं आणि दुसरीकडे क्रेन. भाजी मात्र रविवारी गाडी काढून आणायची आणि आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवायची. सूनबाई, म्हणजे मृणाल, दिवाणजींना पोळी आणि डब्यातले कॉर्नफ्लेक्स प्रेमानं भरवत होती. त्यांच्या गवतानं तिला सारख्या शिंका येत होत्या, तरी हूं की चूं केलं नाही बिचारीनं. परत आल्यापासून त्यांचे मागचे पाय ओढले जातात, सांधे सुजलेत, उचललं की किंचाळतात. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या तराजूत रोज वजन करते. नऊशे ग्रॅमचे साडेसहाशे झालेत.

दुसरी गोष्ट. विक्रांतनं मला सांगितलं की मामाचंही तेच मत आहे: हा फ्लॅट विकायचा, मी सहा महिने त्याच्याकडे आणि सहा महिने तुझ्याकडे पुण्याला राहायचं. तुम्ही दोघांनी फोनवर ठरवलंत, छान केलंत. मी त्याला म्हटलं की दिवाणजी आहेत तोवर मला हलता येणार नाही. पुण्याचा प्रवास त्यांना झेपायचा नाही आणि मृणालला बारमाही शिंका देणं बरं नव्हे. तो हसला, म्हणाला, "चलो आई, डन. दिवाणजी आहेत तोवर." मी तो शब्द धरून ठेवला आहे.

तू पस्तीस वर्षं गुरांचा डॉक्टर होतास. पायांवर काय करू ते कळव. तेवढंच कळव.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो राहू द्यावा. सल्ला विचारलाय तेवढाच असावा.

तुझी,
सुहास

*

पुणे
२५ नोव्हेंबर १९९६

चि. सुहासिनी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. शेवटपर्यंत वाचले, तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवले. ती तुझ्या बाजूची आहे, हे सांगायला नकोच.

सांधे सुजलेत, जनावर पाय टेकत नाही, खात नाही, म्हणजे आत संसर्ग आहे. असली वासरे मी हजारांनी बरी केली. पेनिसिलिनचा पाच दिवसांचा कोर्स दे. वजनाच्या हिशेबाने मात्रा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जोडली आहे. एरवी मी बादलीच्या मापाने औषध देणारा माणूस, तुझ्या दिवाणजींसाठी थेंबांचे गणित करावे लागले.

आता रागावू नकोस. हे प्राणी फार जगत नाहीत. काही बरेवाईट झाले तर मनाला लावून घेऊ नकोस. विक्रांत सांगत होता की तुमच्या भागात मेट्रो येणार अशी हवा आहे आणि डीलर रोज विचारतो आहे. जानेवारीत व्यवहार झाला तर उत्तम. साठीच्या बाईने परमुलखात एकटे राहायचे, तेही मूठभर जनावराच्या नावाखाली, हे मला पटत नाही. तू तिथे पानिपत लढते आहेस आणि इथे आम्हाला काळजी. तुझ्या हट्टाची सवय आम्हाला जुनी आहे, पण वय आता तुझेही झाले.

इकडे सर्व क्षेम. माया आहे म्हणूनच बोलतो, हे ध्यानात असावे.

तुझा,
पद्माकर

*

मयूर विहार
२ डिसेंबर १९९६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी परत पाठवते आहे. गिनीपिगला पेनिसिलिन दिलं की तो मरतो, दादा. त्याच्या पोटात चारा पचवणारे जे जीवाणू असतात ते त्या औषधानं मरतात, आणि चार-सहा दिवसांत जनावर जातं. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एकोणनव्वद साली आमच्या शाळेत असेच एक गुरांचे डॉक्टर बोलावले होते. त्यांनीही मोठ्या विश्वासानं सुई टोचली आणि एका आठवड्यात माझी दोन जनावरं गेली. सातवीच्या मुली रडत होत्या.

तेव्हा एक तर तुला हे ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक होतं. पत्राच्या वरच्या अर्ध्यात तू दिवाणजींना औषध देतोस आणि खालच्या अर्ध्यात जानेवारीत व्यवहार उरकतोस. माझा भाऊ असं करील का, असा प्रश्न मला पडला. पडायला नको होता, पण पडला, आणि तो मी लपवणार नाही.

आता माझी चूक सांगते. माझ्यासारखी मूर्ख मास्तरीण दुसरी नसेल. आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी स्कर्व्ही शिकवला. गलबतावरचे खलाशी, महिनोन्महिने ताजं अन्न नाही, हिरड्यांतून रक्त, सुजलेले सांधे. माणसासारखंच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, हे वाक्य मी पोरांकडून पाठ करून घेत असे. आणि स्वतःच्या घरच्या जनावराला तीन आठवडे पोळी आणि कॉर्नफ्लेक्सवर ठेवलं. तुझी चिठ्ठी वाचून चिडले, दिवाणजींचं तोंड उघडून पाहिलं, तर हिरड्या लाल. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

सध्या इथे आवळ्याचे ढीग आहेत. रोज आवळा किसून पिळते, पाणी घालून शाईच्या नव्या ड्रॉपरनं दर तीन तासांनी भरवते. सोबत कोथिंबीर वाटून, पेरू कुस्करून. पहिले दोन दिवस थुंकत होते. मी म्हटलं, थुंका, मीही मागे हटायची नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बोर्डावर नोटीस लावली आहे की इमारतीत चूहे पाळू नयेत. मी त्यांच्या घरी जाऊन हिंदीतून पाऊण तास शिकवणी घेतली आणि चूहा कशाला म्हणतात ते वहीत आकृती काढून दाखवलं. नोटीस अजून आहे, मीही आहे.

आज वजन सहाशे सत्तर. परमुलूख म्हणतोस, तर या परमुलखात मी तीस वर्षं राहते आहे.

आवळा भरपूर आहे, तुझ्यावरचा लोभ तूर्त बेताचा आहे.

सुहास

*

पुणे
१० डिसेंबर १९९६

चि. सुहास हिस आशीर्वाद.

पत्र आले त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून कॉलेजच्या लायब्ररीत गेलो. तिथल्या मुलीने पुस्तक काढून दिले, उभ्या उभ्या वाचले. तू लिहिलेस ते शब्दशः खरे आहे. मला ठाऊक नव्हते. पस्तीस वर्षांत मी एकही गिनीपिग हातात धरला नव्हता आणि तरी चिठ्ठी लिहायला मला दोन मिनिटे लागली. विचारले की लिहून द्यायचे, हीच सवय. गोठ्यात डॉक्टर 'बघून सांगतो' म्हणाला तर माणसे दुसरा डॉक्टर आणतात.

पण तू सरळ विचारलेस, म्हणून सरळ सांगतो. मारायचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मात्र तो आजारी आहे हे वाचले तेव्हा, चला, एक अडचण आपोआप सुटेल, असे मनात आले होते. ते आले हे खरे. त्याची लाज वाटते.

तुझ्या लग्नाच्या वेळी असाच मी न विचारता बोललो होतो. दिल्लीचा नोकरदार, बदलीची नोकरी, तू टिकायची नाहीस म्हणालो. तू ऐकले नाहीस हे बरे झाले, असे मी आजवर कधी म्हटले नव्हते. आता म्हणतो.

विक्रांतला सांगितले आहे की डीलरला थांबव. दिवाणजी आहेत तोवर विषय नाही. वजन कळवत जा. वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायला घेतले आहे.

माया पूर्वीइतकीच आहे, थोडी ओशाळलेली.

तुझा,
दादा

*

मयूर विहार
९ मार्च १९९७

ती. दादास,
सुहासिनीचा शि. सा. न. वि. वि.

जानेवारीत वजन आठशे चाळीस झाल्याचं कळवलं होतं. इथल्या मराठी मंडळाची बस संक्रांतीला पानिपतच्या युद्धस्मारकाला, काला अंबला, गेली तेव्हा मी गेले नाही, कारण तीन तासांची पाळी चुकवायची नव्हती. त्याच दिवशी दिवाणजी स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत चारी पायांवर धावले. पुढे महिनाभर ते इतके खात होते की कोथिंबिरीच्या जुडीकडे पाहिलं तरी शीळ घालत. पाय पूर्ण बरे झाले. आपण हरलो नाही, दादा, हे वहिनींना नक्की सांग.

दिवाणजी २६ फेब्रुवारीला गेले. आजारानं नव्हे, वयानं. दुपारी गॅलरीतल्या उन्हात जेवले, पाय पसरून झोपले, उठले नाहीत. सोसायटीच्या बागेत अमलताशाखाली, म्हणजे आपल्या बहाव्याखाली, पुरलं. सेक्रेटरी वरून बघत होते. मला वाटलं नोटीस काढतील, तर खुरपं घेऊन खाली आले. मी खूप रडले. त्यांनी मान वळवून घेतली.

नंतरचं सांगायला जड जातं. मी कुणालाच कळवलं नाही. विक्रांत रविवारी फोन करतो आणि पहिला प्रश्न दिवाणजी कसे हाच असतो. गेल्या रविवारी मी त्याला सांगितलं, पालक खाताहेत. फोन ठेवल्यावर रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहिलं आणि माझीच मला किळस आली. मेलेल्या जनावराच्या आड लपून मी माझ्याच घरात राहायची सवड मागत होते.

आज सकाळी त्याचा फोन यायच्या आत मीच लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, सॉरी आई, तर मग आता काय करायचं. मी त्याला सांगितलं तेच तुलाही लिहिते. "काही करायचं नाही. मी इथेच राहणार आहे. घर विकायचं नाही." त्यानं कारण विचारलं नाही, पण मी दिलं: हे माझं घर आहे, मला इथे राहायचं आहे. हे वाक्य मी दिवाळीतच बोलायला हवं होतं. दिवाणजींना पुढे करायची काही गरज नव्हती, तेव्हाही आणि आताही.

उन्हाळा चढायच्या आत तू आणि वहिनी या. आठ दिवस राहा, मनासारखं भांडू.

लोभ आहे तसा राहू दे. परवानगी मी मागितलेली नाही.

तुझी,
सुहास