समोवारजवळची जागा

३ मार्च, रविवार
आमचे पाळक, तालांत नावाचे, आज पाय धुण्यावर बोलले. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, मग आपण कोण लागून गेलो! आमची मंडळी जेमतेम नऊ जणांची, पण मला वाटलं सगळं माझ्याकडेच बघून चाललंय. माझा मुलगा एर्मेक रशियात कामाला गेल्यापासून त्याची बायको नुरझादा एकटीच राबते आणि मी सासू म्हणून मानाच्या जागी बसून हुकूम सोडते. ठरलं— उद्यापासून घरात सेवा मी करणार!

४ मार्च
शेजारची कन्यशाय आली. मी सरळ समोवारजवळ, चहाचं पाणी उकळतं तिथे दाराकडच्या बाजूला, सुनेच्या जागेवर जाऊन बसले. नुरझादाला म्हटलं, "तू वर माझ्या जागी बस बाळा, आज चहा मी ओतते." ती उभीच राहिली. सून आल्यापासून सहा वर्षांत हाताची सवय गेलेली— कन्यशायचा वाडगा काठोकाठ भरला! आमच्यात काठोकाठ म्हणजे 'आता निघा'. बिचारी उठायलाच लागली. बाही धरून बसवलं.

७ मार्च
रोज मीच ओततेय. कंबर धरलीय, पण मन कसं हलकं! आज प्रार्थनेला गेले तेव्हा सहज सांगितलं. सगळ्या म्हणाल्या, "तुमच्यासारखं जमायला हवं." आनंद झाला. (नम्रपणे झाला.)

९ मार्च
काल महिला दिन. घरात अकरा बायका. नुरझादाला म्हटलं, "आज किटलीला हातसुद्धा लावायचा नाही!" कणकेचे बोर्सोक मी तळले, चहा मी ओतला, वाडगे मी विसळले. बायका आपसात कुजबुजत होत्या— कौतुकच असणार. नुरझादा कोपऱ्यात बसून होती. आज सकाळपासून बोलत नाही. दमली असेल. पण कशाने?

१० मार्च
विहीणबाई आल्या. तीन तास गाडीत बसून, आणि रिकाम्या हाताने! त्या कधी भाकरीशिवाय येत नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "माझ्या पोरीचं काय चुकलं ते सांगा, मग घेऊन जाते."
मी चाट पडले. "चुकलं? काहीच नाही!"
"मग समोवारवरून उठवलीत का? अकरा बायकांसमोर! सुनेच्या हातातली किटली काढून घेतली म्हणजे तिला माहेरी जा म्हटलं. हे तुम्हाला मी शिकवू?"
देवा! मला माहीत होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत होतं. नम्रतेच्या नादात डोक्यातच आलं नाही.
नुरझादा बॅग घेऊन बाहेर आली. म्हणाली, "तुमच्या देवाने सांगितलं का अपा, माझी जागा घ्यायला?"
दोघी गेल्या.

११ मार्च
घर खायला उठलंय. एर्मेकचा फोन आला, उचलला नाही. काय सांगू त्याला?

१२ मार्च
प्रार्थनेत म्हटलं, तिला परत आण. मग वाटलं, हेही प्रभूवरच सोपवतेय. घालवली मी, आणायला कुणी जायचं?

१३ मार्च
गेले. सासूने सुनेच्या दारात जायचं म्हणजे— जाऊ दे. विहीणबाईंसमोर म्हटलं, "माझं चुकलं. घर तुझ्याशिवाय घर वाटत नाही. चल."
नुरझादा म्हणाली, "पण केलंत कशासाठी?"
"तुझा त्रास वाचावा म्हणून."
ती हसली. मला ते हसू काही बरं वाटलं नाही.
"येते," म्हणाली. "पण समोवार माझा."
"तुझा."
"आणि सेवा करायचीच असेल, तर आधी मला विचारायचं."
"विचारीन." विहीणबाईंनी येताना चार भाकऱ्या बांधून दिल्या. गाडीत तिने माझी पिशवी धरली होती.

१४ मार्च
सकाळी विचारलं. नुरझादा चहा ओतत होती, मान वर न करता म्हणाली, "गोठा झाडा, अपा. तिथे पाहुणे येत नाहीत."
झाडला. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय. इथे लिहिलं, तेही चुकलंच बहुतेक.